टँटलमचा पत्रा

नाही नाही, वन्सं, यांच्या डोक्यातला पत्रा खराब नाही झालेला — तो कसला खराब होतोय! टँटलम आहे तो. कारखान्यात उकळत्या अॅसिडमध्ये वर्षानुवर्षं बुडून राहतो आणि तसाच्या तसा बाहेर निघतो. पोलादाचं म्हणे तिथं चहात बुडवलेलं बिस्किट होतं. तुमच्या भावाचंच वाक्य हे, पूर्वीचं. बसा ना नीट, अशा टेकल्यासारख्या काय बसलात? हे खाली गेलेत, तुम्ही येणार म्हणून पाव आणायला. येतील एवढ्यात. हल्ली सावकाश चालतात.

अपघात झाला तेव्हा तुम्ही लांब होता, फोनवरच काय ते कळलं तुम्हाला. अॅसिड तापवायच्या टाकीतून नळ्यांचा जुडगा वर उचलत होते, साखळी निसटली, जुडगा झोक्यासारखा आला आणि कवटीची ही बाजू — इथं, कानाच्या वर — आत गेली. त्या नळ्या टँटलमच्या. आणि सर्जननं कवटीला ठिगळ लावलं तेही टँटलमचंच! म्हणाला, शरीर या धातूला परकं मानत नाही, हाड त्याला धरून वाढतं. मला पहिल्यांदा 'तंटालम' ऐकू आलं — हसू नका — म्हटलं, घरात तंटा काय कमी आहे, तो आता डोक्यातही बसवताय? पण झालं उलटंच.

उलटं म्हणजे — काही नाही. शुद्धीवर आले तेव्हा मागचं सगळं पुसलेलं. मला म्हणाले, 'तुम्ही कोण?' तुम्ही! इतका संसार केला, 'ए' आणि 'ऐकू येत नाही का' याशिवाय मला दुसरं नाव नव्हतं. अजून 'तुम्ही'च म्हणतात. आपला कप आपण विसळतात. मुलीच्या खोलीत जायचं तर दारावर टकटक करतात, 'आत येऊ का?' ती पोरगी पहिल्या दिवशी रडायलाच लागली. कारण त्या दाराची कडी तुमच्या भावानं उखडून टाकली होती — माझ्या घरात कड्या कशाला लागतात कुणाला, म्हणून. आता हे बोलायचं नव्हतं मला. पण आलंच तोंडून.

गेलेला माणूस असा जातो का, वन्सं? देह तर इथंच आहे. तीच मान, तेच हात. किल्ली जरा जोरात टेबलावर पडली की माझ्या हातातलं काम थांबतं. त्यांचे केस विंचरताना बोटाला पत्र्याची कड लागते, थंडीत तर गार लागते ती, आणि वाटतं, याच्याखाली तो बसलाय. ऐकतोय. झाकण आहे ते, दुसरं काय! परवा दुपारी कोचावर झोपले होते, मी शेजारी मटार सोलत होते — आणि झोपेतच बोलले, 'कुणी हात लावला याला?' त्याच आवाजात. बस्स. मी भानावर आले तेव्हा भिंतीला पाठ लावून उभी, हात असे डोक्यावर, आणि मटार घरभर. हे जागे झाले. खाली बसून एकेक दाणा वेचायला लागले. 'तुम्हाला कशाची भीती वाटली?' म्हणाले.

आणि खरी फसले ती वेगळीकडेच. एकदा विचारलं त्यांनी, मी पूर्वी कसा होतो? मी म्हटलं, चांगले होतात हो, फार चांगले. दुखण्यातून उठलेल्या माणसाला दुसरं काय सांगायचं? आता हा नवा डॉक्टर म्हणतो, पत्र्याच्या आत व्रण चिकटलाय, मेंदूवर दाब आहे. नाही काढला तरी जिवाला धोका नाही, पण काढला तर मागचं परत येईल, कदाचित. झालं! ह्यांनी ध्यासच घेतला. 'करूच या ऑपरेशन. तुमचा माणूस तुम्हाला परत मिळेल.' माझ्यासाठी, वन्सं! मला आनंद व्हावा म्हणून डोकं पुन्हा उघडायला निघालेत. अडवायचं तर खरं सांगायला हवं. आणि मुंगीला वळसा घालून जाणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या या हातांनी —

'माझा दादा असा नव्हता' म्हणा की. भांडा माझ्याशी, मी तर तयारीनंच बसले होते. खाली काय बघताय?

माहीत होतं? कधीपासून? — लहानपणी — म्हणजे तुम्हालाही मारायचा?

आणि तरी म्हणता, करू द्या ऑपरेशन? काय? जरा मोठ्यानं बोला. त्याला आठवायला हवं, म्हणता. हं. समोर उभं राहून, शुद्धीत, त्यानं एकदा म्हणावं, चुकलो. त्यासाठी इतक्या लांबून आलात होय! खोटं नाही बोलत, माझ्याही मनात येऊन गेलंय ते. पण जो परत येईल तो माफीच मागेल कशावरून? आणि मग हे? हे कुठं जातील? यांना तर कुणी रडणारंही नसेल, माझ्याशिवाय.

आले वाटतं. डोळे पुसा, पदर घ्या, पटकन. — आलात? द्या ती पिशवी. नाही हो, भांडण कसलं. वन्सं रडताहेत, कारण — काही नाही, जुनं काहीतरी आठवलं. ऑपरेशनचं? हो, त्याचंच बोलत होतो. नको म्हणतेय मी. का म्हणजे... असं बघू नका माझ्याकडे. नाही, खर्चाचं नाही. भीतीचं — हो, भीतीचंच आहे. कशाची?

बसा तुम्ही. आधी बसा इथं, माझ्यासमोर. मी तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं. — नाही, वन्सं, हे माझं मलाच बोलू द्या. तुम्ही जरा आत जाऊन बसा.