निवडलेला अभ्यासक्रम : एकच लिहावा

…नाही, पण मी म्हणतो, घरी शिकवणं अवघड, घरी शिकवणं अवघड, असं जो उठतो तो मला ऐकवतो… अहो, शिकवायची वेळ तरी येऊ द्या! तुम्हाला सांगतो, मुलीला शाळेतून काढलं त्याला वर्ष झालं, आणि या वर्षात मी तिला एक अक्षर शिकवलेलं नाही. एक अक्षर! सवड कुठे होती? मी अभ्यासक्रम निवडत होतो!

हसू नका. तुम्ही निवडून बघा एकदा. आणि मी कोण? मी चष्म्यावाला! बावीस वर्षं माझं कामच ते, समोर माणूस बसवायचा, त्याच्या डोळ्यांपुढे काच सरकवायची आणि विचारायचं, पहिलं बरं दिसतं, की दुसरं? आता… हे, की ते? बावीस वर्षांत एक माणूस अडला नाही हो! दुसरं, म्हणतो, उठतो, जातो. चार मिनिटांत जन्माचा निकाल. आणि मी, जो अख्ख्या गावाला हे की ते विचारतो, तो एका चौकोनापुढे वर्षभर बसून राहिलो.

चौकोन कसला म्हणता? सांगतो ना. आधी पोरीचं ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल, या माणसाला शाळेचं वावडं आहे. मुळीच नाही. पोर तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. घरी नुसता भोंगा. आंघोळ करतानासुद्धा बोलते, आतून, दार लावून, आपण बाहेर 'हं, हं' करत उभे. तर ही पोर सहावीपासून शाळेत बोलेनाशी झाली. आधी कमी, मग थोडं, मग काहीच नाही. कोणी मारलं नाही, चिडवलं नाही, आम्ही खोदून खोदून विचारलं. म्हणाली, "बाबा, तिथे माझा आवाज येतच नाही." शाळेत भेटायला गेलो तर तिच्या बाई कौतुकाने म्हणतात, "किती शहाणी आहे हो तुमची मुलगी! आवाजच नाही!" मुलगी आहे का फ्रिज? आणि घरी आली की बूट न काढता पलंगाच्या कडेला बसून राहायची, दप्तर पाठीवर तसंच. ते मला बघवायचं नाही. खरंच सांगतो, बघवायचं नाही.

शेवटी बायकोने ठरवलं. बायको पावाच्या कारखान्यात पाळीची मुकादम आहे, साठ माणसं हाताखाली, तिचं वाक्य चार शब्दांच्या पुढे जात नाही. म्हणाली, "उद्यापासून घरी. मी ठरवलं." झालं! आणि मला म्हणाली, "अभ्यासक्रम तू निवड. एवढं एकच कर." एवढं एकच!

गेलो शिक्षण कार्यालयात. तिथे एक अधिकारी बाई, फार सज्जन, चष्मा मात्र नाकावरून घसरलेला, दांडी सैल, मी बोलता बोलता काढून घट्ट करून दिला. त्यांनी मला फॉर्म दिला. एका पानाचा. नाव, वय, इयत्ता, पत्ता, पाच मिनिटांत भरून मोकळा. आणि तळाशी एक चौकोन, काड्यापेटीएवढा. त्यावर छापलेलं, 'निवडलेला अभ्यासक्रम'. आणि शेजारी कंसात, बारीक अक्षरात, 'एकच लिहावा'. बाई म्हणाल्या, "घाई नाही हं. सावकाश निवडा. वर्षअखेरपर्यंत आणून द्या. तो चौकोन रिकामा राहिला, तर मात्र मुलगी परत शाळेच्या पटावर. नियम आहे." आणि दारापर्यंत आलो तर मागून हाक मारून म्हणतात, "आधी पेन्सिलीने लिहा. लोक फार बदलतात." त्या बाईंनी ते वाक्य म्हटलं नसतं ना, तर आज मी इथे तुमच्यापुढे रडत बसलो नसतो!

मला वाटलं होतं, अभ्यासक्रम म्हणजे असतील एक-दोन. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन… मला दिले अकरा! अकरा! त्यातला पहिला, खोका. खोक्यात वर्षभराचं सगळं, दर दिवसाचं, दर मिनिटाचं. मी उघडलं, पहिलंच पान, 'सोमवार, दहा वाजून पाच मिनिटे : मुलाने कुतूहल दाखवावे.' अहो, आणि नाही दाखवलं तर? दहा वाजून सहा मिनिटांनी काय करायचं ते लिहिलेलंच नाही! तरी लिहिला चौकोनात. मग दुसरा आला. त्यात पुस्तकच नाही. मूल आपलं आपण शिकतं, त्याला पुस्तकांच्या ओझ्याखाली दाबू नका, असं सांगणारं पालकांसाठीचं पुस्तक… सहाशे चाळीस पानं! ती मी वाचली. दुकानात, गिऱ्हाईक बसलेलं असताना वाचली, एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर मी काच लावायच्या नादात विचारलं, "गुदमरल्यासारखं वाटतं का मुलाला?" ते म्हणाले, "मुलगा परदेशी असतो." खोडला पहिला, लिहिला दुसरा. मग तिसरा, कॉम्प्युटरवरचा. त्यात एक खार येते आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवते. पोरीने दोन दिवस केला आणि म्हणाली, "बाबा, चुकलं तरी ती टाळ्या वाजवते. फक्त हळू." खोडला. मग चौथा, त्यात वर्षभर एकच विषय, नदी. गणितात नदी, इतिहासात नदी, व्याकरणात नदी वाहते, नदी वाहत होती, नदी वाहत असेल… माझं डोकं वाहायला लागलं. खोडला! चौकोन आपला कोराच!

आणि यातल्या प्रत्येकाची आधी एक पातळी चाचणी असते बरं का. म्हणजे मूल कुठल्या पायरीवर आहे ते बघायचं, मगच पुस्तकं. एका चाचणीने सांगितलं, गणितात ही नववीची. दुसरीने सांगितलं, हिला बेरीज पुन्हा शिकवा. एकीने सांगितलं, भाषा उत्तम पण मन चौथीत आहे. मन चौथीत! मी म्हटलं, माझंही बघा हो, माझं कुठे आहे?

मग लोकांना विचारलं. चूक! दादाला विचारलं, माझा मोठा भाऊ, तो म्हणाला, "अरे, आपण काय शिकलो? काहीच नाही. बिघडलं काही आपलं?" मी त्याच्याकडे बघितलं. बघत राहिलो. मग वाचनालयात घरी शिकवणाऱ्या पालकांची बैठक असते तिथे गेलो. तिथे एक आहेत, सगळे त्यांना सातजणांची आईच म्हणतात, सात मुलं घरी शिकवली. मी जवळजवळ पाया पडलो, म्हटलं, तुम्हीच सांगा, कुठला घेऊ? म्हणाल्या, "पहिल्याला खोका दिला. दुसरीला नदी. तिसऱ्याला खार. पुढच्यांना सगळं थोडं थोडं. सातव्याच्या वेळी मी इतकी दमले होते की काहीच दिलं नाही." मी म्हटलं, "मग?" म्हणाल्या, "तो सगळ्यांत बरा निघाला." आता हे चौकोनात कसं लिहू? 'दमणे'? ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात, पण या गलक्यात माझं मन काय म्हणतंय ते मलाच ऐकू येईना.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. म्हटलं, बावीस वर्षं जे करतोस तेच कर की गाढवा! पोरीला दुकानात नेली, डोळे तपासायच्या खुर्चीत बसवली आणि समोर दोन अभ्यासक्रमांची पानं धरली. पहिलं बरं, की दुसरं? पोर म्हणाली, "पहिलं." मी दुसरं बदललं. आता… पहिलं, की तिसरं? "तिसरं." तिसरं, की चौथं? रोज! दुपारी गिऱ्हाईक नसलं की रोज! आणि पोर नुसतं पहिलं-दुसरं म्हणून थांबते होय? का बरं, ते सांगायला लागली. या धड्यातला राजा तीन पानांत दोनदा मरतो म्हणाली. या गणितातल्या टाकीला भोक आहे हे माहीत असून माणूस पाणी का भरतो म्हणाली. नदीवाल्यांच्या नकाशात नदी डोंगर चढते म्हणाली, आणि होती हो चढत! बोलायची, बोलायची, गिऱ्हाईक आलं तर त्यालाही सांगायची, लोक फ्रेम बघायच्या सोडून ऐकत उभे राहायचे. घरी येऊन बूट काढायची, भिरकावून, एक इकडे एक तिकडे. मी उचलून जागेवर ठेवायचो आणि मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू! आणि फॉर्मवर पेन्सिलीने लिहायचो, खोडायचो, लिहायचो, खोडायचो. बायको विचारायची, "झालं?" मी म्हणायचो, होतंय. चौकोन आपला कोराच!

तुम्ही म्हणाल, अरे माणसा, डोळे मिटून एक लिहायचा होतास. खरं सांगू? चष्मा चुकला तर माणूस आठ दिवसांत परत येतो, शिव्या देतो, मी काच बदलून देतो, चहा पाजतो, संपलं. पोरीचं सातवीचं वर्ष चुकलं तर ते घेऊन मी कुणाच्या दुकानात जाऊ? भीती वाटायची हो मला. पेन्सिल टेकवली की हात थांबायचा.

उजाडला शेवटचा दिवस. ठरवलं, आज लिहायचाच, अकरावा तर अकरावा. फॉर्म घेतला, जुनं खोडायला खोडरबर लावला, आणि… तुम्हाला सांगतो… फाटला! चौकोन होता तिथे भोक! आरपार! अख्खा फॉर्म शाबूत, सही, पत्ता, सगळं, आणि बरोब्बर चौकोनाएवढं भोक. बायकोने ते डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं. चार शब्दही नाहीत.

तसाच घेऊन गेलो. पोरीला बरोबर नेलं, म्हटलं, फॉर्म नाही तर नाही, पोर तर दाखवता येईल! अधिकारी बाईंनी फॉर्म उचलला, भोकातून त्यांचा डोळा मला दिसला, त्या म्हणाल्या, "इथे काहीच लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "लिहिलं होतं बाई. अकरा वेळा." त्यांना दया आली असावी. पोरीकडे वळल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "काय गं बाळ, काय केलंस वर्षभर?"

आणि पोर सुटली! जी वर्गात 'हजर' म्हणायची नाही, ती परक्या कार्यालयात, परक्या बाईंपुढे, चाळीस मिनिटं! खोक्यातलं कुतूहल सांगितलं, खारीच्या हळू टाळ्या वाजवून दाखवल्या, डोंगर चढणारी नदी त्यांच्याच टेबलावर बोटाने काढली. शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून आली. शिपाई दारात थांबला. माझी छाती अशी फुगली, म्हटलं, जिंकलो! चौकोन गेला खड्ड्यात, हा बघा माझा अभ्यासक्रम, बोलतोय! बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "काय बोलते हो ही! किती धीट! किती समज!" मी म्हटलं, "हो ना?" त्या म्हणाल्या, "अशी मुलगी घरात कशाला कोंडायची? शाळेतच हवी ही!" आणि शिक्का उचलला. मी म्हटलं, "अहो बाई, ती घरी होती म्हणून…" धप्प! 'शाळेच्या पटावर परत.' कारण, 'अभ्यासक्रम निवडलेला नाही.' वर मलाच म्हणतात, "तुम्ही तिचं फार छान केलंत हं."

सोमवारपासून जाते शाळेत. आठवीत बसवलं, चाचण्यांचा एवढा सराव, प्रवेश परीक्षेत पहिली आली. पहिल्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून घरी आलो. बसली होती पलंगाच्या कडेला. दप्तर पाठीवर. मी विचारलं, "कशी होती शाळा?" म्हणाली, "बरी." मी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?" ती म्हणाली, "शहाणी आहेस म्हणाल्या." मी खाली बसलो आणि तिचे बूट सोडायला लागलो, दुसरं काय करणार? मीच ना त्या चौकोनात काही लिहिलं नाही. बायकोने एक काम सांगितलं होतं… एक!

तर तेवढ्यात पोरीने दप्तरातून कागद काढला. शाळेचा. वर छापलेलं, 'बोलायचे तास : पालकांनी निवडावे.' आठवड्यातून दोनच तास आहेत, जिथे मुलांना तोंड उघडायची परवानगी आहे. नाटक किंवा वादविवाद. खाली चौकोन. कंसात, एकच लिहावा. तिने माझ्या हातात पेन्सिल दिली. खोडरबर मात्र स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाली, "बाबा, परवा द्यायचाय."

तो काय, हा बघा, खिशातच आहे. सकाळपासून. नाटकात दुसऱ्याचं बोलायचं, पण आवाज तरी निघेल… वादविवादात स्वतःचं बोलायचं, पण समोरचा तोडेल… नाही, घाई नाही, तुम्ही जरा सावकाश बसा, नीट बघा आणि मला सांगा… पहिलं बरं, की दुसरं?