सकूचा फोटो आन् सकूची खुर्ची

मंडळी, पावणं, आन् पुढं खुर्च्यांवर बसलेले समदे थोर लोक. माइक जरा खाली घ्या. सकूवर बोलायचं तर जीभ जड व्हते. पण मघापासून तुमची भाषणं ऐकली आन् ती सैल झाली.

सकू माझी मैतरीण. ती लोणीची, मी शिनोलीची. एकाच साली दोघी ह्या गावात नांदायला आलो. सरपंचाची जागा बाईला सुटली, तवा ती सरपंच झाली. खुर्चीत कोण बसला? तिचा ल्योक, ह्यो इलास. मान खाली घालू नको रं, आईच्या फोटोला हार झ्याक घातलायस.

पहिल्याच साली माइकवर पुकारलं, "आज घटना दिन." मी दचकले. घटना म्हंजे आमच्याकडं यष्टी उलटली, न्हाईतर बिबट्यानं कुणाला नेलं. मी सकूला म्हणलं, "अगं, कोण गेलं?"

ती पदराआड हसली. "कुणी न्हाई गं बाई. माझी खुर्ची गेली."

दर साली तिला उभी करायचे. "आम्ही, भारताचे लोक" एवढं म्हणली, की इलास माइक ओढून घ्यायचा. सकू सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसायची. "'आमी' म्हणायला मी," म्हणायची, "आन् बसायला ह्यो."

आज पुन्हा तोच दिवस. सकाळी जो हार घटनेच्या तसबिरीला, तोच आता सकूला. आन् फोटो ठेवलाय कुठं? त्याच खुर्चीत! वा रं वा! जितेपणी जिचा पदर त्या खुर्चीला लागू दिला न्हाई, तिला मेल्यावर बसवली. फोटो सभा बोलवत न्हाई, प्रश्न इचारत न्हाई. लई सोयीची सरपंच.

इलास म्हणला, "आईनं गावासाठी लई केलं." करू दिलंस कुठं?

आता सरपंच कोण? सुनंदा. सकूची सून, ह्याची बायको. हाय कुठं? ती बघा दाराशी, चहाचा ट्रे धरून. आई सरपंच तवा इलास खुर्चीत, बायको सरपंच तरी इलासच. ह्याच्या बुडाला आरक्षण पडलंय का, राव?

हसू नका. दवाखान्यात सकूनं माझा हात धरला व्हता. म्हणली, "सुनंदाला सतरंजीवर येऊ देऊ नको."

सुनंदा, ये हिकडं. ट्रे इलासच्या हातात दे. फोटो उचल, मांडीवर घे आन् बस खुर्चीत. सासूला घेऊन बस.

बसलीस? आता मंडळी, तुमी समदे उभं ऱ्हावा. ती बसलेलीच ऱ्हाईल. दोन मिनिटं कुणी बोलायचं न्हाई.

इलास, तू तर आजिबात न्हाई.