जाडातलं लॅमिनेशन

—नाही नाही, बसा की हो ताई, उठताय कशाला? तुमचा नंबर चौसष्ट ना? आत्ता कुठे एकसष्ट चाललाय, आणि तो खिडकीतला डबल चष्मा — एक नाकावर, एक डोक्यावर, म्हणून मी त्याला डबल चष्मा म्हणते — तो बासष्टनंतर पाणी प्यायला उठतो. पाठ झालंय मला. नववी खेप आहे माझी इथली! आणि पेन दिलंत, फार बरं झालं, खिडकीवरचं पेन दोरीला बांधलंय आणि दोरी एवढीशी, की सही करायची तर माणसानं खिडकीतच डोकं घालावं. तर काय सांगत होते — हां, धाकटीचं. आत्ता झेरॉक्स काढायला खाली गेली ना, उंच, निळा ड्रेस, ती. दीड वर्षापूर्वीपर्यंत आम्ही तिला धाकटा म्हणायचो. कागदोपत्री अजूनही धाकटाच आहे, तेच तर बदलायला आलोय. बघा, कसं तोंड झालं तुमचं! असू दे, असू दे, माझंही झालं होतं, आणि मी तर तिची आई. तुमचं काय काम? पत्ता बदलायचाय? सुटलात हो. घर बदललं तर कुणी विचारत नाही, की बाई, तुमची खात्री आहे का, जुन्या घरात परत जावंसं वाटणार नाही ना?

आमचं ऐका. पहिल्या खेपेला डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं. ते नव्या नावावर. डबल चष्मा म्हणतो, ह्या नावाची व्यक्ती आमच्याकडे जन्मलेलीच नाही. मी म्हटलं, अहो, जन्मलीय, मला चांगलं आठवतंय, बारा तास लागले होते. तर म्हणतो, नोंद जुन्या व्यक्तीची आहे, नाव बदलायला तिची संमती लागेल, तिला घेऊन या. मी धाकटीला कोपरानं पुढे ढकललं — ही काय, ही उभी आहे समोर. नाही, म्हणतो, ही नवीन. जुन्याला आणा. आता कुठून आणू? दुसऱ्या खेपेला काय, तर फोटो जुळत नाही. अहो, जुळत नाही म्हणूनच बदलायचाय ना? शेवटी त्या लाल दिव्याच्या मशीनवर अंगठा ठेवायला लावला, आणि मशीननं एका झटक्यात ओळखलं तिला. टुक् वाजलं न् हिरवा दिवा! अख्ख्या कचेरीत अक्कल म्हणून आहे ती त्या मशीनलाच. आणि गंमत सांगू? माझं लग्न झालं तेव्हा ह्याच खिडकीत एका सकाळीत माझं आडनाव बदललं. मला एका शब्दानं विचारलं नाही कुणी. मी तर सहीसुद्धा करायला आले नव्हते, सासरे परस्पर करून गेले.

हसा, हसा, मीही आता हसते. पण मध्ये फार वाईट दिवस गेले हो. आणि घाई आहे आमची. धाकटी लॅब टेक्निशियन झाली, हॉस्पिटलात नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय. डिग्री नव्या नावावर, जन्मदाखला जुन्या. दाखल्याच्या अर्जाची आजची पोच दाखवली तरी घेतो म्हणाले, नाहीतर त्यांच्या यादीतला खालच्या नंबरचा मुलगा उभाच आहे. तर सगळं जमत आलं, आठव्या खेपेला डबल चष्म्यानं शिक्का उचलला — आणि दाखला लॅमिनेट केलेला! मागच्या बाजूला दुरुस्तीसाठी एक चौकट असते, तिथे नवं नाव लिहून शिक्का मारायचा असतो. ह्यानं मारून पाहिला, मारला नाही असं नाही, पण प्लास्टिकवर शाई ठरेना, घसरत खाली आली. मग त्यानं आपल्या रुमालानं पुसलं आणि म्हणाला, डुप्लिकेट काढा. डुप्लिकेटला हा अर्ज. ह्याच्यात सहा रकाने सरळ आहेत आणि सातवा बघा — 'मूळ दाखल्याचे लॅमिनेशन कोणी केले, अर्जदाराशी नाते, केव्हा, कारण'. आणि खाली काय, तर अर्जदाराने सर्व मजकूर वाचून सही करावी. कारणात सगळे 'अज्ञानाने' लिहितात. डबल चष्म्यानंच सांगितलं.

मला सवयच आहे ना लॅमिनेशनची. घरात कागद आला की आधी लॅमिनेट, मग वाचायचा. फ्रिजचं गॅरंटी कार्ड, थोरल्याचं चित्रकलेतलं तिसरं बक्षीस, डॉक्टरांची चिठ्ठी — एकदा चिठ्ठी केली तर औषधवाल्याला त्याच्यावर तारीख घालता येईना. आमचे हे म्हणतात, मी झोपलो तर जागा होईन तेव्हा कडक प्लास्टिकमध्ये असेन. ह्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, लेडीज टेलर. बोलायला तिखट, पण हात सोन्याचा... काय म्हणालात? हा दाखला? बघा की, बघा. हो, पिशवीतली बाकीची लॅमिनेशनं पिवळी पडलीत. हे जरा... नाही, हेही तसं लहानपणीच... चांगल्या प्रतीचं होतं, म्हणून राहिलंय स्वच्छ. नाही, कोपरे सुटले नाहीत. जाडातलं आहे ना.

तुमची नजर चांगली आहे हो, ताई. तुम्ही कचेरीत कामाला होता का कुठे?

मागच्या वर्षीचं आहे. आता तुम्हाला काय, तुमची माझी उद्या भेट थोडीच होणार आहे. तिनं आम्हाला सांगितलं तो रविवार होता. हे इतके ओरडले, इतके ओरडले, की शेजारचे दार उघडून उभे राहिले. मी नाही ओरडले. मी शांतपणे ताटं उचलली. सगळे म्हणाले, आईनं कसं समजून घेतलं बघा. आणि मी सोमवारी दुकान उघडायच्या आधी लॅमिनेशनवाल्याच्या पायरीवर जाऊन बसले. कपाटातून दाखला काढताना मागची ती चौकट बघितली होती ना मी. दुरुस्तीसाठी जागा. तीन रेघा, कोऱ्या. मला वाटलं, हीच ती जागा, इथूनच जाणार माझा मुलगा हातचा. म्हटलं, सगळ्यात जाड लाव. तो म्हणाला, काकू, एवढं जाड मी फक्त हॉटेलवाल्यांच्या मेनूकार्डाला लावतो. म्हटलं, लाव. दोनदा फिरवायला लावलं मशीनमधून. गरम गरम घरी आणला आणि चादरींच्या खाली ठेवला. अज्ञानानं म्हणे! सगळं कळून केलं मी.

मग ती गेली. मैत्रिणीकडे राहिली, अकरा महिने. मला वाटलं होतं, येईल चार दिवसांत, भांडून गेली तशी परत येईल. एकदाच फोन आला, तोही थोरल्याला. मग एक दिवस मीच गेले, दारातच रडले, म्हटलं, काय हवं ते नाव लाव बाई, पण घरी ये. आली. ह्या खेपा मी तिच्यासाठी मारतेय, ते तेव्हापासून. ती मैत्रिणींना फोनवर सांगते, आई किती करते गं माझ्यासाठी. मी तिकडे स्वयंपाकघरात भांडी वाजवते, म्हणजे ऐकू यायला नको.

दाखला बाहेर काढला तेव्हा तिनं एकदा हात फिरवला त्या प्लास्टिकवर आणि म्हणाली, हे बाबांनी केलं. विचारलंसुद्धा नाही हो, सरळ म्हणालीच. त्यांचंच तोंड वाजतं ना, मग हातही त्यांचाच असणार. हे समोरच होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे बोलणार — आयुष्यात एक वाक्य गिळलं नाही ह्या माणसानं. पण गिळलं. म्हणाले, असेल, रागात केलं असेल. आणि उठून दुकानात गेले. तेव्हापासून ती बोलत नाही त्यांच्याशी. पाच महिने झाले. ह्यांनी तिला ड्रेस शिवलाय, तो आत्ता अंगात आहे तो नव्हे, तो विकतचा, हा दुसरा, जांभळा, नोकरीवर घालायला. पण माप कसं घेणार, बोलणंच नाही. अंदाजानं शिवलाय. रोज दुकानात काढतात, हातांनी ताणून खांदा बघतात, परत घडी घालतात. मी विचारलं, देऊन का टाकत नाही? तर म्हणे, खांद्यात चुकला असेल तर?

आत्ताही खाली आहेत. आम्हाला स्कूटरवर सोडायला आले, दोन खेपा करून, आधी तिला, मग मला. तिनं उतरून थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. झेरॉक्सला जाताना त्यांच्या समोरून गेली असेल आत्ता. लाज वाटते हो मला. खरंच सांगते, लाज वाटते.

काय वाचताय? हो. सातवा रकाना. मीच भरलाय, सकाळी घरी बसून. कोणी केले — वडील. केव्हा — लहानपणी. कारण — अज्ञानाने. एका ओळीत तीन थापा, आणि अक्षर बघा किती सुंदर आलंय. तिनं हे वाचायचं, सही करायची, आणि वर डबल चष्म्यानं शिक्का मारायचा. म्हणजे मग झालंच, सरकारदरबारी त्यांच्याच नावावर. आणि ते तेही गिळतील.

अहो, बासष्ट झाले वाटतं. उठला बघा पाण्याला.

खरं लिहिलं तर जाईल हो ती परत. परत गेली तर ह्या वेळी मी कुणाच्या दारात रडू? तुम्ही म्हणाल, नाहीही जाणार. पण बघताय कशा माझ्याकडे, तेच वाईट आहे. खोडून? खोडून नाही चालत, खाडाखोडीचा अर्ज डबल चष्मा दोन बोटांनी उचलून परत देतो. पण माझ्याकडे दुसरा आहे, कोरा. मी नेहमी दोन घेते, एक लॅमिनेट करायला... हसू नका. धरा ही पिशवी जरा. कोणी केले — आई. केव्हा — तारीखच घालते, मला पाठ आहे, सोमवार होता. कारण... कारणाला जागा केवढीशी दिलीय बघा ह्या लोकांनी. 'भीतीने'. बसलं. बसलं बरोबर.

चौसष्ट! तुमचा पुकारला, जा. पेन राहू द्या माझ्याकडे, तिला सही करायला लागेल. आणि तुमचं दोन मिनिटांत होईल, मग खाली जाल ना, तर गेटपाशी स्कूटरवर एक गृहस्थ बसलेत, गळ्यात टेप असेल, काढायची विसरतात. त्यांना वर पाठवा. कशाला म्हणाले तर सांगा, अर्जातून तुमचं नाव काढलंय. टेप राहू द्या म्हणावं गळ्यात, खांदा मोजायचाय. जा हो, जा आता — ती बघा, जिना चढून आली.