बंद पाळण्यात बसवलेली माणसं

मी, भिवराबाई हरिबा केकाण, वय अंदाजे ५२ वर्षे, धंदा ऊसतोड व मजुरी, शिक्षण नाही, राहणार खडकवस्ती, जिल्हा बीड, हल्ली मुक्काम शेजारच्या तालुक्यातील साखर कारखान्याचा तोडणी तळ. पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून खालीलप्रमाणे सांगते.

माझे पती परवा, एप्रिल २०१९ मध्ये, कारखान्याच्या आनंदनगरी नावाच्या बागेत मयत झाले. पतीचे नाव मी तोंडाने घेत नाही. ते माझ्यासोबत आलेल्या, आमच्याच टोळीतील बायनाबाई यांनी सांगितले व साहेबांनी लिहून घेतले. पुढे मी त्यांना मालक म्हटले आहे.

मालक व मी मिळून एक कोयता होतो. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मालक तोडायचे, मी मोळी बांधायचे. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला गाव सोडायचे व हंगाम सरला की परत यायचे, असे आमचे चालले होते. यंदा दुष्काळामुळे ऊस कमी, म्हणून कारखाना लवकर बंद झाला. आम्ही खोपी मोडून सामान बांधले व गाडीची वाट पाहत होतो.

तेव्हा आमचे मुकादम आसाराम यांनी येऊन सांगितले की, "गाडी उद्या मिळंल. आज समद्यांनी धुतलेले कपडे घालायचे. चेअरमन सायबांनी बाग केलीय, ती बघाया जायचं. फुकट हाय." सहकारी कारखान्याची निवडणूक जवळ आली असून त्याआधी आनंदनगरीचे उद्घाटन आहे, असे लोक बोलत होते. मालकांनी दाढी केली. बांधलेले गाठोडे सोडून नवा पटका काढला. नारायणगडच्या जत्रेत त्यांनी आकाशपाळणा पाहिला होता, पण बसले कधी नव्हते. मला म्हणाले, "तू भिशील." मी म्हणाले, "तुमीच भ्याल."

आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेले. फाटक मोठे होते व त्यावर चेअरमन साहेबांचा फोटो होता. आत बहुतेक काम अर्धवट होते. वाळूचे ढीग, सळया, जागोजागी पत्रे ठोकलेले. झुकझुकगाडी होती पण तिला रूळ नव्हते. होड्या होत्या, त्या कोरड्या खड्ड्यात ठेवल्या होत्या. आमच्याशिवाय दुसरे पाहुणे कोणी नव्हते. एक फोटोवाला होता व त्याच्यासोबत बागेचे मॅनेजर बद्रीनाथ होते.

फोटोवाल्याने आम्हाला फाटकातून तीन-चार वेळा आत-बाहेर चालायला लावले. नंतर होड्यांत बसवले व हात वर करून हसा म्हणाला. खाली माती दिसू नये म्हणून तो स्वतः पालथा पडून फोटो काढत होता. आमच्या हातात थंड पेयाच्या बाटल्या दिल्या. फोटो झाल्यावर त्या तशाच परत घेतल्या. बायनाबाईने झाकण उघडले होते, तिला बद्रीनाथ बोलले.

नंतर आकाशपाळण्याकडे नेले. त्याला दोरी बांधून पाटी लावली होती. मला वाचता येत नाही. मालक चौथी शिकलेले होते. त्यांनी पाटी वाचली व आसाराम मुकादमांना म्हणाले, "ह्यो बंद हाय म्हणतंय की." त्यावर मुकादम म्हणाले, "ते लोकांसाठी हाय. तुमाला काय त्याचं?"

यंत्र चालवणारा माणूसही नको म्हणत होता. तपासणी झालेली नाही, असे त्याने बद्रीनाथ यांना माझ्यासमक्ष सांगितले. बद्रीनाथ त्याला म्हणाले, "एकच फेरा मार बे. रिकामा पाळणा फोटोत बरा दिसत न्हाई." मग दोरी सोडून आम्हाला बसवले. पुढे अडवायचा गज नव्हता, तिथे सुतळी बांधली. आमच्या पाळण्यात मालक व मी दोघेच होतो.

पाळणा वर गेला. आम्ही अगदी टोकाला असताना खालून मोठा आवाज आला व पाळणा हिसका देऊन थांबला. त्या वेळी दुपारचे बारा वाजले असतील. खाली जवळ होते त्यांनी उड्या मारल्या, काहींना शिडी लावून उतरवले. आम्ही राहिलो. यंत्रवाल्याने ओरडून सांगितले की यंत्राच्या चाकाचे दाते तुटले आहेत, हाताने सोडला तर पाळणा उलटा फिरेल, हलू नका.

प्रथम आम्ही घाबरलो नाही. मालक इकडे तिकडे बघत होते. आमचे गाव कोणत्या बाजूला, ते त्यांनी मला दाखवले. मला काही दिसले नाही, सगळीकडे पांढरे रान होते. मालक म्हणाले, "हितं मुकादमाला येता येत न्हाई." मी हसले. इतकी वर्षे बरोबर राहून आम्ही दोघे दिवसाउजेडी काही काम न करता असे कधी बसलो नव्हतो. हे लिहायचे का, असे साहेबांनी विचारले. लिहा, असे मी सांगितले.

वरून पत्र्यांच्या आतले दिसत होते. आत निळ्या फरशीचा मोठा हौद होता व त्यात एक टँकर पाणी सोडत होता. मागे दुसरे टँकर उभे होते. मालकांनी टँकरवरचे वाचले. म्हणाले, "पिण्याचं पाणी, लिव्हलंय. आपल्याच तालुक्याचा हाय." आदल्या दिवशी सुनेचा फोन आला होता की वस्तीवर आठवडा झाला टँकर आला नाही, विहिरीच्या तळाशी लेकरांना उतरवून वाटीने पाणी भरतात. मी म्हणाले, दुसरा कुठला असंल. मालक म्हणाले, "वाचाया येतंय मला." टँकर रिकामा होऊन गेला, दुसरा लागला, ते बघत बसले.

ऊन फार होते. पाळण्याचे लोखंड हाताला लावता येत नव्हते. मी पदर काढून मालकांच्या डोक्यावर धरला. आम्ही खाली पाणी मागितले. बायनाबाईने हौदातून तांब्या भरून आणला. तो घेऊन यंत्रवाला सांगाड्यावर चढायला लागला होता, त्याला बद्रीनाथ यांनी हाताला धरून खाली ओढले. "तू पडलास तर कुणी निस्तरायचं? क्रेन येतीय, दम धरा," असे म्हणाले. कारखान्याची क्रेन चेअरमन साहेबांच्या सभेचा फलक उभा करायला गेली होती. आसाराम मुकादम फोन लावत होते. सभा झाल्याशिवाय सोडत नाहीत, असे तिकडून सांगतात, हे त्यांनी आम्हाला ओरडून कळवले. बाकीच्या लोकांना फोटोवाला कारंज्याकडे घेऊन गेला. बायनाबाई गेली नाही.

मालकांनी खाली वाकून एकदा विचारले, "पाणी कावून देत न्हाईत बे?" हे त्यांनी शिवी न देता विचारले.

नंतर त्यांचा घाम थांबला. अंग तव्यासारखे लागत होते. ते मला म्हणाले, "मोळी बांधलीस का?" मी बांधली म्हणाले. "गाडी भरली का?" भरली म्हणाले. मग म्हणाले, "तू हो म्होरं, मी येतो." त्यांनी सुतळी सोडायला हात घातला, म्हणून मी त्यांचा पटका सोडून त्यांना कमरेशी पाळण्याला बांधले व दोन्ही हातांनी धरून बसले. त्यांनी डोके माझ्या खांद्यावर टाकले. मला वाटले झोप लागली. मी बायनाबाईला खूण केली की झोपलेत, ओरडू नको.

ऊन कलल्यावर क्रेन आली. क्रेनच्या माणसाने मालकांना हात लावला व माझ्याकडे पाहिले नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ते आधीच मयत असल्याचे सांगितले. उन्हाने झाले, असे म्हणाले.

दवाखान्यात बद्रीनाथ व मुकादम आले होते. बद्रीनाथ म्हणाले की, मयत इसम पाटी न जुमानता हौसेने चढला, असे सांगितले तर पुढचे सोपे जाईल. मी त्यांना म्हणाले, "हौस होती त्यांना. पण चढवलं तुमी." त्यावर मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पुढच्या साली तुला कोण नेणार हाय? एकटीचा कोयता होत न्हाई." हे त्यांचे खरे आहे. एकटीचा कोयता होत नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असे साहेबांनी विचारले. तेव्हा दारात उभ्या असलेल्या मुकादमांनी माझ्या वतीने, न्हाई, असे सांगितले. साहेबांनी त्यांना बाहेर थांबायला लावले व मला पुन्हा विचारले. माझी तक्रार आहे. बंद पाळण्यात बसवणारे बद्रीनाथ, बसा म्हणणारे आसाराम मुकादम व क्रेन अडवून ठेवणारे जे कोणी असतील ते, यांच्याविरुद्ध आहे. वस्तीचे पाणी हौदात कोणाच्या सांगण्यावरून सोडले, त्याचीही चौकशी व्हावी. चेअरमन साहेब तेथे हजर नव्हते, असे मला सांगण्यात आले. ते नव्हते, हे मी पण सांगते. आम्ही सगळे त्यांच्याच फोटोसाठी हजर होतो.

हा मजकूर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात शेवटी 'नैसर्गिक मृत्यू' असे लिहिले होते. नैसर्गिक म्हणजे काय, असे मी विचारले. आपोआप आलेला, असे साहेबांनी सांगितले. तो शब्द मी खोडायला लावला. साहेबांनी तो खोडला. खोडल्या जागी माझा अंगठा घेतला आहे व खाली दुसरा घेतला आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.