मेणबत्तीशिवायचा केक

मी डोंबिवलीत मुलांच्या डॉक्टरांकडे बसले होते. शेजारी दोन बहिणी, धाकटीच्या मांडीवर तिचा अडीच वर्षांचा मुलगा आणि उघडा डबा.

“कितवा नंबर चाललाय, ताई? वजन परत कमी भरलं तर?”

“आधी त्याला भरव तरी.”

“शिट्टी काढून कुकरमध्ये तिसऱ्यांदा केक केलाय गं, केळं-खजूर घालून. तोंडच उघडत नाही!”

“गोड नसेल झाला.”

“चाखलाय कुठे? आधी फू करायला मेणबत्ती मागतो.”

“मग लाव की एक!”

“काल लावली. फू केलं आणि दाराकडे बघत बसला.”

“दाराकडे का?”

“वाढदिवसाला केक कापतानाच ह्याचे पप्पा आलेले ना, बोटीवरून सुट्टीवर.”

“अगं, मग केक म्हणूच नकोस. ब्रेड म्हण.”

“म्हटलं. तर विचारतो, ब्रेडला कोण येतं?”