खानझोडे सर दर खंडेनवमीला मरायचे

काकू, आपल्या मंडळातले सगळे वडीलधारे, युनिव्हर्सिटीतून आलेले माझे साथी, आणि ज्यांना मराठी समजते पण बोलायची लाज वाटते अशी आमची सगळी तरुण मंडळी, नमस्कार.

माझ्या आधी दोघे बोलले आणि दोघेही रडले. माझं काय होईल, सांगता येत नाही. मी मीनल. खानझोडे सरांनी मला कम्प्युटर सेंटरमध्ये घेतलं, काम शिकवलं, आणि रिटायर होताना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आज त्यांच्या फोटोला हार आहे आणि मला चार शब्द बोलायचे आहेत. कसं बोलू? त्या फोटोकडे पाहिलं की मला हसू येऊन राहिलं. माफ करा. पण करू तरी काय? आम्ही या माणसाला इतक्यांदा मेलेला पाहिला आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलांचे मार्क, परीक्षेचे फॉर्म, निकाल, डिग्र्या, सगळं आमच्या सर्व्हरवर असते. आणि सरांना एकच वेड. हे सगळं उद्या जळालं तर काय? बुडालं तर काय? चोरीला गेलं तर काय? लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी बाहेर जायची दारं मोजायचे. आचाऱ्याला जाऊन विचारायचे, "महाराज, सिलेंडर संपला तर दुसरा कुठे ठेवला?" काकू हसून राहिल्या आहेत, म्हणजे खोटं नाही.

आम्ही म्हणायचो, सर, सगळ्याची कॉपी काढतो ना आपण, मग कशाची भीती? ते म्हणायचे, "तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरं. पण खणलेल्या विहिरीत पाणी आहे की नाही, ते कोणी वाकून पाहिलं काय?"

ते पाहायचा त्यांचा दिवस म्हणजे खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. आमची हत्यारं म्हणजे सर्व्हर. हार तयार, हळदकुंकू तयार, खोव्याच्या जलेब्या आणलेल्या, आणि सर जाहीर करायचे, "ऐका. सेंटर जळून गेलं. आणि मी मेलो." बस. मग खुर्चीत जाऊन बसायचे. आम्ही जपून ठेवलेली कॉपी काढायची, दुसऱ्या मशीनवर चढवायची, कोणत्याही एका मुलाची मार्कशीट उघडून दाखवायची. ती उघडली तर पूजा. नाही उघडली तर जलेबी झाकलेलीच.

आणि तोवर सरांना काही विचारायचं नाही! विचारलं तर म्हणायचे, "मेलेल्याला काय विचारून राहिली?" चहा आला की मात्र मेलेला माणूस चहा प्यायचा. आमचे तिवारी भैया, जे वायरिंग आणि बॅटऱ्या पाहतात, ते एकदा हात जोडून म्हणाले, "सर, बस इतना बता दीजिए, पहले कौन सी मशीन चालू करें?" सरांनी डोळे मिटून घेतले. तिवारी भैयांनी त्यांच्या पायाशी एक फूल ठेवलं. दोन्ही डोळे मिटलेले, पण मिशी हसून राहिली होती.

रिटायर झाले तरी मरायला मात्र दर वर्षी यायचे.

आता दोन गोष्टी अजून सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सरांचा नियम होता की कॉपीची एक डिस्क युनिव्हर्सिटीच्या बाहेर पाहिजे. कुठे? तर त्यांच्या सिविल लाइंसच्या घरी, देवघरात. म्हणायचे, घरात बाकी सगळ्या वस्तू हलतात, देव हलत नाहीत. दर शनिवारी आमच्यापैकी कोणीतरी नवी डिस्क घेऊन जायचं, जुनी परत आणायचं, आणि मध्ये काकूंचे पोहे खायचं. पोह्यांमुळे हा नियम कधी मोडला नाही. दुसरी गोष्ट, आपलं सेंटर बंद पडलं तर काम चालवायला दुसरी मशीन शहराबाहेर, पाटन गावच्या एका कॉलेजात. लोक हसायचे. म्हणायचे, सर, पाटनची वीज तर आपल्या आधी जाते! सर म्हणायचे, "म्हणून तर तिथे इन्व्हर्टर लावून घेतला."

तर मंडळी, या उन्हाळ्यात सर दवाखान्यात होते. आणि फायनलच्या निकालाला आठवडा राहिला असताना, भर सकाळी, आमच्या बॅटरीच्या खोलीला आग लागली. देवाची कृपा, कोणाला काही झालं नाही. पण आगीतून जे वाचलं होतं ते पाण्याच्या पाइपाने संपलं. मी काळ्या चिखलात उभी होती. डोळ्यांसमोर ती मुलं. कोणाला पुढच्या ॲडमिशनसाठी मार्कशीट पाहिजे, कोणाची नोकरी त्या एका कागदावर थांबलेली. निकाल अडला तर त्यांचं वर्ष गेलं. आणि माझी मती गुंग. सगळं शिकलेली, सगळं केलेलं, पण हात चालेना.

मी काकूंना फोन लावला. म्हटलं, काकू, सरांना फक्त एक विचारा, सुरुवात कुठून करू? काकूंनी विचारलं. पलीकडून सरांचा बारीक आवाज आला. मी माझ्या कानांनी ऐकला. "तिला सांग, मी मेलो आहे."

काकू कडाडल्या! "दवाखान्यात बसून असं अभद्र बोलतात काय? जिभेला काही हाड?" आणि इकडे मी, त्या चिखलात, खदखदून हसली. तिवारी भैयांना वाटलं, मॅडम गई काम से. पण मला कळलं होतं. अच्छा, म्हणजे आज खंडेनवमी आहे. चलो. हे तर आपण केलेलं आहे.

मी, तिवारी भैया आणि सेंटरमधली आमची ज्युनियर रश्मी, तिघं सिविल लाइंसला गेलो. शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली, देवघरातून डिस्क उचलली, गाडी पाटनकडे. तिथे डिस्क लावायला गेलो तर लागेचना! पाहतो तर काय, तार घालायच्या जागेत कुंकू गच्च बसलेलं. काकू, तुम्ही डिस्कला रोज कुंकू लावत होत्या ना? देवघरात आली म्हणजे ती देवच झाली, तुमचंही बरोबर आहे! आणि दर शनिवारी आमच्यातलं एक जण ती कुंकवाची डिस्क पाहायचं, नमस्कार करायचं आणि पोहे खायला बसायचं. कुंकू आत गेलं असेल, हे आमच्या एकाही इंजिनियरच्या डोक्यात आलं नाही. शेवटी रश्मीने पर्समधून काजळाचा ब्रश काढला. फुंकर मारत, हळूहळू, त्या ब्रशने कुंकू साफ केलं. डिस्क चालली. दुपारी पहिली मार्कशीट उघडली. निकाल ठरल्या दिवशी लागला, आणि आग लागली होती हे मुलांना अजून माहीत नाही.

मी सरांना सांगायला गेली. काय माझी मान ताठ! सगळं रंगवून सांगितलं. सर ऐकत होते, कुंकवाला हसले, खोकले. मग म्हणाले, "शाब्बास. आता सांग. तुझ्याशिवाय जमलं असतं काय?"

मी छाती फुगवून म्हटलं, "नाही सर."

सर म्हणाले, "मग अर्धीच पास झाली."

इतकं वाईट वाटलं मला. आगीतून, चिखलातून निकाल काढला, आणि हा माणूस अर्धे मार्क देऊन राहिला! घरी येऊन जेवली नाही. तेव्हा सर मला काय विचारून राहिले होते, ते मला समजलंच नाही.

नंतर थोड्याच दिवसांनी सर गेले. तो दिवस मी काकूंजवळ होती. फोन बंद करून पर्समध्ये टाकला होता. घाटावरून परत आल्यावर चालू केला, तर ऑफिसमधून कोणी फोन केल्याचा एकही मेसेज नाही. मला वाटलं, चला, निदान आज तरी सगळं ठीक चाललं.

दुसऱ्या दिवशी कळलं की ठीक चाललंच नव्हतं. आगीपासून सगळं काम जिच्यावर चालून राहिलं होतं, ती पाटनची मशीन ऐन दुपारी बंद पडली होती. मार्कशीट निघायच्या बंद. बाहेर मुलांची गर्दी. रश्मी आणि तिवारी भैयांनी जपून ठेवलेली डिस्क आणली, दुसऱ्या मशीनवर सगळं चढवलं आणि कामाला लागले. मी रश्मीला म्हटलं, "अगं, मला फोन काहून नाही केला?" ती माझ्याकडे अशी पाहून राहिली की जणू मी काही वेडंच विचारलं. म्हणाली, "कशाला करायचा, दीदी? हो गया था ना."

खरं सांगू? आधी मला राग आला. माझ्या सेंटरमध्ये एवढं झालं आणि मला कोणी विचारलं पण नाही! आणि मग मी तिथेच, तिच्या टेबलापाशी बसली आणि रडली. सर गेल्यापासून पहिल्यांदा रडली. ती बिचारी घाबरली, सॉरी दीदी, सॉरी दीदी म्हणून राहिली. मी तिला कसं सांगू की पोरी, तू माझे उरलेले अर्धे मार्क आणून दिले.

काकू, एवढीच गोष्ट मला सरांना सांगायची राहिली. म्हणून तुमच्या समोर, या फोटोसमोर सांगते. सर, माझ्याशिवाय जमलं.

आता आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं सरांसाठी शांत राहू. आपले फोन बंद करा. मी माझा केला आहे.