पहिला सडा

—म्हणून डोळ्याला डोळा नाही लागला, ओफेलिया आत्या. सात बोंडं होती रेमीच्या मुठीत, मी स्वतः मोजली होती, आणि घरी येऊन बघते तर सहा! सातवं गेलं कुठं? पोटात, आणखी कुठं! साडेतीन वर्षांची पोर, आणि ओकचं कच्चं बोंड—कडूजहर. नर्सला फोन केला, ती म्हणे, बाई, इतकं कडू कुणी गिळत नाही. तिला काय ठाऊक, आमची रेमी खडूसुद्धा खाते!

नाही, ओढ्याकाठच्या मोठ्या ओकची नव्हेत. टेकाडावरच्या खुरट्यांची. तिथं दुसरं काय उगवतंय? माझ्या खांद्याएवढं झाड, पानं अशी टोचरी की जाताना बाही धरून ठेवतात, आणि सहा महिने पाऊस नसला तरी रुबाबात उभं! म्हटलं, हे आम्हा मायलेकींच्या मापाचं. छे, तोडली नाहीत—खाली पडलेलीच वेचली. सप्टेंबर लागल्या लागल्या, सगळ्यांच्या आधी—हसताय काय?

वनस्पतिशास्त्र शिकलेय हो मी. पानामागची लव भिंगातून बघून झाडाची जात सांगते. पण शवी? कुमेयाय जमातीची लेक म्हणवते, आणि बोंडाच्या पिठाची ती लापशी आयुष्यात एकदाही शिजवलेली नाही. कुणी विचारलं की म्हणते, “आमच्याकडे करतात.” कुठं करतात? तुमच्या डब्यातून येते, मी गरम करते! आणि जमातीच्या मेळाव्यातल्या बायकांना सांगून बसलेय, यंदा शवी आमची—माझी आणि रेमीची. आई असती तर तिला गुपचूप विचारलं असतं. म्हणून तर ही बोंडांची गोणी तुमच्या दारात—

बादली कशाला? बरं, ओतते. अगंबाई, तरंगतायत! छान वाळलीत, नाही? …नाही? चांगली असतात ती बुडतात? मग ही—एकही नाही बुडत, आत्या. हे बारीकसं भोक कसलं? अळी! दुसऱ्यातही? म्हणजे पहिला सडा अळ्यांचा, आपण दुसऱ्या सड्याची वाट बघायची—हे तुमच्या कोंबड्यांनाही ठाऊक, फक्त मला नाही! हसा, पोटभर हसा. शिकवाल ना पण? महिन्याभरानं येते, गोणी घेऊन, तोंड बंद ठेवून—

थांबा. म्हणजे काल हिनं अळीसकट—! रेमी! सोड ती कोंबडी, इकडे ये. खरं सांग, आई रागावणार नाही. सातवं बोंड खाल्लंस?

“नाही. मी टकटक केलं. आतून कुणीतरी बाहेर बघितलं. मग मी त्याचं घर झाडाखाली ठेवून आले.”